कॅनडाची ज्युनिअर हॉकी की अमेरिकेचं कॉलेज?

दादरकर: भाचा ऑन्टारियोत आइस हॉकी खेळतो, वय 16. तिथल्या ज्युनिअर लीगमध्ये, म्हणजे ओएचएलमध्ये, खेळला तर अमेरिकन कॉलेजची दारं बंद, असं ताई म्हणते. खरं का?

पार्लेकर: होतं, आता नाही. ओएचएल, पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल आणि क्युबेकची लीग मिळून सीएचएल, म्हणजे कॅनडाची मोठी ज्युनिअर हॉकी. तिथे मुलांना भत्ता मिळतो, एनएचएल या बड्या व्यावसायिक लीगशी करार झालेलेही खेळतात, म्हणून अमेरिकन कॉलेज खेळांची संस्था एनसीएए सीएचएलला व्यावसायिक धरायची आणि तिथे खेळलेल्यांना कॉलेज हॉकी बंद. नोव्हेंबर 2024 मध्ये नियम बदलला, 1 ऑगस्ट 2025 पासून लागू. मात्र प्रत्यक्ष, आवश्यक खर्चापेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत. पावत्या जपा. एनएचएलचा करार केला की कॉलेज हॉकी संपली.

गिरगावकर: खरी झळ बसली अमेरिकेच्या ज्युनिअर लीगला, यूएसएचएलला. 'कॉलेज हवं तर इकडे या' हे तिचं हुकमाचं पान होतं. त्यात सिएटल, पोर्टलंड, ईरी हे अमेरिकेतले संघ सीएचएलचेच!

आणि ब्रिटिश कोलंबियातली ज्युनिअर लीग, बीसीएचएल, हिची ऑफर आली तर जपून. 2023 मध्ये ती हॉकी कॅनडा या देशाच्या हॉकी संघटनेतून बाहेर पडली. ठरावीक तारखेनंतर तिथे खेळलं, तर त्या हंगामात हॉकी कॅनडाच्या मान्यताप्राप्त संघात परतता येत नाही, असा नियम आला. तेव्हा ती तारीख 30 सप्टेंबर होती. यंदाची तारीख सही करण्याआधी लेखी विचारा.

दादरकर: आजच ताईला कळवतो.