पहिल्याच वर्षी कामाचा अनुभव : सांगली-मिरजेकडचे काही अनुभव

पदवीच्या पहिल्या वर्षी, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा स्वतःच्या हौसेने, कामाच्या ठिकाणी काही दिवस घालवलेल्यांनी आपला अनुभव येथे मांडावा, अशी विनंती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे इंटर्नशिपला क्रेडिट मिळू लागले. त्या दिवसांत हाती काय लागले, ते मात्र ज्याचे त्यानेच सांगायला हवे. सुरुवात माझ्यापासून करते.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात पंधरा दिवस बसले. हळदीचे सौदे सुरू होते. खरेदीदार पोत्यातले हळकुंड उचलून मोडत, आतला रंग निरखत आणि मगच भाव बोलत. (बारावीला मी प्रतवारीवर लांबलचक टिपण लिहिले होते, त्यात हळकुंड मोडून पाहण्याचा उल्लेख नव्हता.) तिसऱ्या दिवशी दिवाणजींनी एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी करायला दिली. भाव क्विंटलचा आणि वजन किलोत, हे लक्षात न घेता मी सरळ गुणाकार केला, हमाली-तोलाई अगदी काळजीपूर्वक वजा केली आणि शंभरपट रक्कम लिहून पट्टी समोर ठेवली. आष्ट्याकडचे ते काका चष्मा वर करून म्हणाले, “पोरी, एवढं मिळालं तर अख्खी पेठच विकत घेतो की!” दिवाणजी हसले नाहीत; त्यांनी पट्टी फाडली आणि कोरी पुढे सरकवली. आज मी जीएसटीची विवरणपत्रे भरते आणि आकड्याआधी त्याचे एकक पाहते.

भौतिकशास्त्र, मिरज : तंतुवाद्यांच्या कारखान्यात आठवडाभर जायचे ठरले तेव्हा मी नाराज होतो, कारण मित्रांना संगणकाची कामे मिळाली होती. तेथील कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हलकेच कानस फिरवून तार छेडायचे, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचे आणि पुन्हा ऐकायचे. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, मनासारखी लागेपर्यंत सकाळ निघून जायची. सोनोमीटर या ताणलेल्या तारेच्या उपकरणावर वारंवारता मोजताना जे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) केवळ सूत्रात होते, ते तिथे कानांना वेगळे ऐकू येऊ लागले. माझा पिंड त्या बैठ्या कामाचा नाही, हेही तिथेच कळले, आणि ते पहिल्याच वर्षी कळले हे बरे झाले.

कला शाखा, सांगली : एका कार्यालयात महिनाभर झेरॉक्स काढणे, जावक नोंदवहीत क्रमांक घालणे आणि चहा सांगून येणे, एवढेच काम मिळाले. नोंदवहीबद्दल तक्रार नाही, त्यातून कार्यालयीन पत्राची भाषा तरी समजली. पण अहवालात काय लिहू, असे विचारल्यावर गेल्या वर्षीच्याच अहवालावर नाव बदलून देण्याचा सल्ला मिळाला.

पालक, जत : मी साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलो, बागेत केलेल्या श्रमांचे पैसे फीमध्ये वळते होत. माझी मुलगी रोज एसटीने सांगलीला जाऊन विनावेतन काम शिकते. तिच्या शिकण्याबद्दल शंका नाही. परंतु ठिकाण ठरवताना कॉलेजने तालुक्यातल्याच एखाद्या बेदाणा शेडचा किंवा पतसंस्थेचा विचार आधी करावा, आणि ते जमत नसेल तर निदान एसटीच्या पासाचे पैसे द्यावेत.