आजीची त्वचा मऊ होती, पण कोणत्या आजीची?

शेवंती:
गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लेख आला आणि तेव्हापासून आणखी चौघांनी तो मला पाठवला. ‘आजीला सनस्क्रीन ठाऊक नव्हते, तरी ऐंशीव्या वर्षी तिची कांती तुकतुकीत होती, रोज सकाळी बेसनात लिंबू पिळून चेहऱ्याला लावा, पंधरा मिनिटे कोवळ्या उन्हात बसा आणि बाजारातील रसायने फेकून द्या,’ असा त्याचा आशय आहे.

माझी आजी निफाड तालुक्यात आयुष्यभर शेतात राबली. अखेरची दोन वर्षे ती अंथरुणाला खिळून होती आणि तिला अंघोळ घालण्याचे काम माझ्याकडे होते. कोपराखालची तिची कातडी चिंचेच्या वाळल्या टरफलासारखी झाली होती. जरा जोरात पुसले तरी जांभळा डाग उठत असे. चोळीची बाही जिथे संपत असे तिथे दंडावर स्पष्ट रेघ होती आणि त्या रेघेच्या वर, काखेच्या बाजूला, त्वचा इतकी मऊ आणि एकरंगी होती की ती दुसऱ्याच बाईची वाटावी. दोन्हीकडे वय ८४ होते, पाणी तेच, साबण तोच आणि जेवणही तेच. फरक फक्त उन्हाचा होता. लेखातील तुकतुकीत आजी बहुधा माजघरात वावरणारी, पदर घेऊनच उंबरठ्याबाहेर पडणारी असावी. तिला सनस्क्रीन लागले नाही, कारण तिच्या डोक्यावर छप्पर होते.

लिंबाविषयी तर मला राग आवरत नाही. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेला काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. लिंबू लावून उन्हात बसायला सांगणे म्हणजे इजा करून घ्यायला सांगणे आहे.

माझ्या मते रोजच्या सवयी अगदी मोजक्या पुरतात: उन्हात पूर्ण बाही आणि छत्री, उघड्या भागावर सनस्क्रीन, घाम साचतो तेवढ्याच जागी साबण, आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा साधे मॉइश्चरायझर. तंबाखू सोडता आली तर त्या सोडण्याचा उपयोग या यादीतील निम्म्या गोष्टींपेक्षा अधिक होईल.

कृष्णाकाठ:
आपल्या आजीविषयी आदर राखून लिहितो, पण आपल्या यादीतील सनस्क्रीन कोणाला परवडते याचा आपण विचार केलेला दिसत नाही. चेहरा आणि मान यांना दोन बोटांवर मावेल इतके, म्हणजे साधारण एक ग्रॅम, लावायचे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावायचे, असे सांगितले जाते. दिवसात दोनदा लावले तरी पन्नास ग्रॅमची नळी २५ दिवसांत संपेल. माझी आई कांदा काढणीला सकाळी सातला जाते आणि दिवस मावळताना परतते. तिने दर दोन तासांनी मातीचे हात धुऊन चेहऱ्याला मलम लावावे, हा सल्ला तिच्या बांधावर उभे राहून कोणी देऊन दाखवावा. शिवाय हे सारे संशोधन गोऱ्या कातडीवरचे असते. आपल्या रंगाला निसर्गानेच संरक्षण दिले आहे.

तेलबुधला:
अभ्यंगाचा उल्लेख तेलापुरता एका ओळीत झाला, याचे मला वाईट वाटले. आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी अष्टांगहृदय या ग्रंथात ‘अभ्यंगमाचरेन्नित्यं स जराश्रमवातहा’ असे स्पष्ट म्हटले आहे, म्हणजे म्हातारपण लांबवणाऱ्या नित्यकर्मांत तेल लावण्याला स्थान दिले आहे. नागरमोथा, कचोरा, वाळा आणि आंबेहळद घातलेले उटणे आपण केवळ दिवाळीच्या चार दिवसांपुरते ठेवले, ही आपली चूक आहे.

शेवंती:
तेलाविषयी आपला माझा वाद नाही. मात्र उटणे रोज चेहऱ्यावर खसाखसा घासले, तर कोरड्या त्वचेची आग होते, हे मी स्वतः भोगले आहे.

कृष्णाकाठ यांच्या गोऱ्या कातडीच्या आक्षेपात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियातील नांबूर येथे ९०३ प्रौढांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बहुतेक गोऱ्या लोकांवरचाच होता; तिथे साडेचार वर्षे रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी दिसले. आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात, हे मी मान्य करते, पण वांग, म्हणजे गालांवरचे काळपट डाग, लवकर येतो आणि चिवटपणे टिकतो. तो अतिनील किरणांनी वाढतो आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. म्हणूनच वांग असणाऱ्यांना लोह ऑक्साइड असलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन सुचवले जाते. आपल्या आईंच्या गालांवर वांग नाही, असे आपण खात्रीने म्हणू शकता का?

कृष्णाकाठ:
माझ्या आईच्या गालांवर काय आहे, हा इथे चर्चेचा विषय नाही आणि तो काढण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्या बाईने वांगासकट तीन मुले शिकवली, तिला तरुण दिसण्याची गरज नाही. हा सगळा बाजार बायकांना त्यांच्या चेहऱ्याची लाज वाटावी म्हणून उभा आहे.

उंबरठा:
लाजेचा विषय निघाला म्हणून जे आजवर कोणाला सांगितले नाही ते लिहिते. माझे लग्न ठरले तेव्हा मुलाकडच्या एका नातेवाईकाने ‘मुलगी जरा सावळी आहे’ असे म्हटल्याचे कानावर आले आणि माझ्या मावशीने कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक नळी आणून दिली. दहा दिवसांत चेहरा उजळला, सगळे खूश झाले आणि मी ती नळी चार वर्षे वापरली. मग एखाद्या दिवशी लावायची राहिली की संध्याकाळपर्यंत गाल लालबुंद होऊन चुरचुरत, चुलीपुढे उभे राहवत नसे, हनुवटीवर केस आले आणि गालावर बारीक लाल शिरा दिसू लागल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी नळी उलटी करून पाहिली आणि विचारले, ‘यात स्टिरॉइड आहे हे तुम्हाला कोणी सांगितले नाही?’ मला कोणीच सांगितले नव्हते. सनस्क्रीन की बेसन हा वाद तुम्ही खुशाल घाला, पण आपल्या घरांत त्वचेचे सर्वात मोठे नुकसान याच नळीने होते आहे.

औषधपेढी:
उंबरठा यांच्याविषयी मनापासून वाईट वाटले, पण सर्व दोष दुकानदारांच्या माथी मारू नये. मी २२ वर्षे या व्यवसायात आहे. गिऱ्हाईक तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी किंवा रिकामी नळी घेऊन येते, ‘डॉक्टरांनीच दिली होती’ असे सांगते, आणि मी नकार दिला तर शेजारच्या दुकानात जाते. डॉक्टरही ‘किती दिवस’ हे कित्येकदा चिठ्ठीवर लिहीत नाहीत.

उंबरठा:
‘शेजारचा देतो म्हणून मी देतो’ हे उत्तर मी माझ्या चेहऱ्यावर चार वर्षे वागवले आहे. केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टिरॉइडांच्या मलमांना असलेली चिठ्ठीशिवाय विक्रीची सूट काढून ती तशी विकता येणार नाहीत, असे ठरवले. हा नियम दुकानदाराला माहीत असतो, गिऱ्हाइकाला नसतो. ज्याला माहीत असते, जबाबदारी त्याची असते.

औषधपेढी:
नियम मला माहीत आहे आणि तो मी प्रत्येक वेळी पाळला असे मी म्हणणार नाही. आपला मुद्दा मला मान्य करावा लागतो. इथे वाचणाऱ्यांसाठी एवढे लिहितो: नळीच्या मागील बाजूस बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही स्टिरॉइड दिसले, तर ते रंग उजळण्याचे मलम नव्हे. मोमेटासोनसोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन असलेले मिश्रण तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीपुरतेच वापरायचे असते, आणि गरोदरपणी ते टाळावे लागते. मात्र अनेक महिने वापरलेले मलम स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका. चेहरा उसळतो, माणूस घाबरतो आणि पुन्हा त्याच नळीकडे वळतो. डॉक्टरांना दाखवूनच ते सोडावे.

तेलबुधला:
वाग्भटांचा आधार मी सोडत नाही. परंतु ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकली जाणारी, घटकांची नावे नसलेली एक डबी माझ्याकडेही होती, आणि तिने आठवड्यात येणारा उजळपणा पाहून मलाच शंका यायला हवी होती, हे आज कबूल करतो.

शेवंती:
कृष्णाकाठ, आपल्या आईंचा उल्लेख मी त्या सुरात करायला नको होता, याबद्दल क्षमा मागते. खर्चाचा आपला हिशेब बरोबर आहे. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईसाठी जुना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि नाकापर्यंत ओढलेला दुपट्टा हे सनस्क्रीनपेक्षा अधिक भरवशाचे आहेत, हे मला सुरुवातीलाच लिहिता आले असते. दाट विणीचे कापड घामाने वाहून जात नाही आणि पुन्हा लावावे लागत नाही.

कृष्णाकाठ:
सदरा ती घालतेच, माझ्या वडिलांचा. त्यामुळे तो मुद्दा आपण शिकवायची गरज नव्हती, पण टोपीचे मी पाहतो. सनस्क्रीनविषयी माझे मत बदललेले नाही.

हे लिहिण्याचे कारण निराळे आहे. औषधपेढी यांनी दिलेली नावे वाचून मी आज घरी आईच्या फडताळात पाहिले. हळदीकुंकवाच्या डबीमागे एक अर्धी पिळलेली नळी होती आणि मागे मोमेटासोन लिहिलेले होते. शेजारच्या काकूंनी दिली, दीड वर्ष लावते आहे, असे ती म्हणाली. मी कधी विचारले नव्हते. मंगळवारी तिला नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेतो आहे. तोपर्यंत तिने नळी लावत राहावे की कमी करावे, हे औषधपेढी किंवा उंबरठा यांनी कृपया आजच सांगावे.

औषधपेढी:
आज रात्री एकदम बंद करू नका आणि प्रमाणही वाढवू नका. मंगळवारपर्यंत उन्हात आणि चुलीपुढे कमीत कमी जाऊ द्या, चेहऱ्याला साबण, लिंबू, बेसन काहीही लावू देऊ नका, आणि ती नळी सोबत न्यायला विसरू नका.