जुन्या कीटकसंग्रहाची लेबलं संगणकावर उतरवताना आधी काय, नावं की तारखा?

टाचणीपेटी

नमस्कार मंडळी,

विभागातला जुना कीटकसंग्रह आता माझ्याकडे आला आहे. बहुतेक भुंगेरे, थोडी फुलपाखरं आणि सोबत एक हस्तलिखित नोंदवही. सर्वांत जुनं लेबल १८९४ सालचं दिसतंय. एकेका टाचणीवर दोन-तीन लेबलं एकाखाली एक टोचलेली आहेत, त्यामुळे वरचं तेवढं वाचता येतं. मी एक्सेलमध्ये नाव, तारीख, ठिकाण, संग्राहक असे रकाने करून सुरुवात केली आहे. सहकाऱ्यांचं म्हणणं असं की निम्मी नावं कालबाह्य आहेत, आधी ती सुधारून घ्या, नाहीतर नोंदींना अर्थ नाही. हे बरोबर आहे का? आणि वेळ नि माणसं मागायला गेले की पहिला प्रश्न येणार: एवढ्या जुन्या चिठ्ठ्यांचा आज कोणाला उपयोग? त्याला काय उत्तर देऊ?

चतुरंगी

आधी फोटो. टाइप करणं नंतर. लेबलं टाचणीवरून काढावीच लागली तर ती ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने परत टोचा आणि किड्याला हात न लावता टाचणी चिमट्याने धरा. फोटोत मोजपट्टी असू द्या. प्रत्येक नमुन्याला एकच, पुन्हा कधीही न वापरला जाणारा क्रमांक द्या आणि तो छापून सगळ्यात खाली टोचा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने लेबलांचे तिरक्या कोनांतून एकदम फोटो घेणारी ‘ॲलिस’ नावाची यंत्रणा बनवली आहे, म्हणजे लेबलं काढायला नकोत. आपल्याला साधा कॅमेरा थोडा तिरका धरूनही बरंच वाचता येतं. आणि किड्याखाली बारीक भुकटी दिसली तर ती पेटी ताबडतोब वेगळी ठेवा, आत संग्रह खाणाऱ्या अळ्या असतात.

लेबलवाचक

ताई, सहकाऱ्यांचं ऐकू नका. नाव नंतरही लावता येतं, कारण किडा पेटीत आहेच. उद्या कोणी तज्ज्ञ येऊन तो पुन्हा ओळखेल. तो कधी आणि कुठे पकडला हे मात्र त्या चिठ्ठीशिवाय कुठेही लिहिलेलं नाही. शाई उडाली की ते गेलं. जुनं नाव खोडूही नका. कोणी, कोणत्या साली, काय ओळखलं ही नोंद तशीच ठेवा आणि नवी ओळख तिच्या खाली वेगळी नोंदवा.

एक्सेलबद्दल आजच सांगतो, कारण यात नुकसान गुपचूप होतं. एक्सेलच्या तारखा १ जानेवारी १९०० पासून सुरू होतात. तुमचं १८९४ त्याला तारीख म्हणून कळणारच नाही, ते नुसता मजकूर म्हणून पडून राहील. उलट ‘१२-५-२१’ असं टाकलंत की ते परस्पर २०२१ करून टाकेल, आणि तो १२ मे की ५ डिसेंबर हे तुमच्या संगणकाच्या सेटिंगवर ठरेल. म्हणून काहीही भरण्याआधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करा आणि दिवस, महिना, वर्ष यांचे तीन वेगळे रकाने ठेवा.

त्याशिवाय एक रकाना असा हवा, ज्यात लेबलावर जे आहे ते अक्षरशः तसंच उतरवलेलं असेल, चुकीच्या स्पेलिंगसकट. जैवविविधतेच्या नोंदी कशा लिहाव्यात हे ठरवणाऱ्या डार्विन कोअर या मानकात तारखेला आणि ठिकाणाला असे ‘व्हर्बॅटिम’ (जसंच्या तसं) रकाने मुद्दाम ठेवलेले आहेत. तुम्ही लावलेला अर्थ शेजारच्या रकान्यात. दोन्हींची सरमिसळ झाली की मूळ काय होतं ते पुढच्या माणसाला कधीच कळत नाही.

आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते ते. कीटकशास्त्रज्ञ महिना बहुतेकदा रोमन आकड्यात लिहीत. दौतीच्या टाकाने लिहिलेले रोमन दोन आणि साधे अकरा हुबेहूब सारखे दिसतात, दोन उभ्या रेघा. फेब्रुवारी की नोव्हेंबर? इथे सगळ्यांना एकच युक्ती सुचते: हा भुंगेरा नोव्हेंबरात दिसतच नाही, म्हणजे फेब्रुवारी. कृपा करून असं करू नका! उद्या याच नोंदी घेऊन कोणीतरी या जातीचा हंगाम किती सरकला हे तपासणार आहे, आणि तुम्ही आजचा हंगाम आधीच त्या आकड्यांत भरून ठेवला असेल. ठिकाणाचंही तेच. ‘ही जात तिथे सापडत नाही’ म्हणून गाव बदलू नका. पूर्वी सापडत होती का, हाच तर प्रश्न आहे. निकाल लावायचा तो त्याच संग्राहकाच्या इतर लेबलांवरून, नोंदवहीतल्या मागच्या-पुढच्या ओळींवरून, त्याच्या प्रवासाच्या क्रमावरून. नाहीच लागला तर महिना रिकामा ठेवा आणि शेरा लिहा: ‘दोन किंवा अकरा’. रिकामा रकाना संशोधकाला चालतो, बेमालूम अंदाज चालत नाही.

रशियन साम्राज्यातले नमुने असतील तर आणखी एक. तिथे १९१८ च्या फेब्रुवारीपर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती. एकोणिसाव्या शतकातल्या लेबलांत १२ दिवसांचा फरक पडतो, विसाव्यातल्या लेबलांत १३. फुलपाखरं कोशातून कधी बाहेर पडतात हे पाहणाऱ्याला एवढा फरक पुष्कळ झाला.

ठिकाणाला अक्षांश-रेखांश देताना नुसता बिंदू देऊ नका, अनिश्चिततेची त्रिज्या मीटरमध्ये द्या. लेबलावर फक्त जिल्हा असेल तर त्रिज्या कित्येक किलोमीटरची येईल, येऊ द्या. एकोणिसाव्या शतकातला निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस याने मलाया द्वीपसमूहातून १,२५,६६० नमुने आणले, त्यांतले ८३,२०० भुंगेरे. त्याच्या कितीतरी किड्यांना नखाएवढी गोल चिठ्ठी आहे, तिच्यावर बोर्निओ बेटावरच्या सारावाकसाठी फक्त ‘सार’. तेवढ्यावरून अचूक बिंदू टाकणं म्हणजे त्याने न लिहिलेलं त्याच्या तोंडी घालणं.

उपयोग विचारणाऱ्यांना बंबलबी या गुबगुबीत, केसाळ मधमाश्यांचं सांगा. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संग्रहालयांतल्या ७३,००० हून अधिक जुन्या नोंदी नव्या पाहणीशी ताडून पाहिल्या, तेव्हा चार जातींचं प्रमाण ९६ टक्क्यांपर्यंत घटलेलं निघालं. त्यांतली एक, रस्टी पॅच्ड बंबलबी, २०१७ मध्ये तिथल्या संकटग्रस्त यादीत आली. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ६७ जाती होत्या. त्यांच्या वावराची दक्षिणेची सीमा काही ठिकाणी ३०० किलोमीटरपर्यंत मागे हटली होती, उत्तरेला मात्र त्या पुढे सरकल्याच नव्हत्या. टाचणीखालच्या चिठ्ठ्या कोणी उतरवल्या नसत्या तर हे कळलं नसतं. तरीही पटलं नाही तर रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाची २०१८ ची आग आठवून द्या. कीटकसंग्रहाचा फार मोठा भाग त्यात गेला.

टाचणीपेटी

खूप आभार. टेक्स्टचे रकाने लगेच केले. नोंदी जीबीआयएफवर, म्हणजे जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक खुल्या संकेतस्थळावर, टाकायच्या झाल्या तर मी स्वतः टाकू शकते का? आणि दुर्मीळ जातींची नेमकी ठिकाणं उघड झाली तर लोक जाऊन पकडतील, अशीही भीती वाटते.

लेबलवाचक

स्वतःच्या नावाने नाही, तिथे संस्थाच नोंदणी करते. म्हणजे तुमच्या विभागाला किंवा एखाद्या नोंदणीकृत संस्थेला मध्ये घ्यावं लागेल. भीती रास्त आहे. अशा जातींचं ठिकाण जाहीर प्रतीत ढोबळ करतात, आणि तसं केलंय हे नोंदीत स्पष्ट लिहितात. नेमकं ठिकाण मूळ फाइलीत राहू द्या, तिथून काही कमी करू नका. त्या दोन रेघांवर अडलात तर लेबलाचा फोटो इथे टाका, सोबत त्याच संग्राहकाची आणखी चार-पाच लेबलंही. एकट्या लेबलावरून मी सांगणार नाही.