ओटीपोटाच्या जुन्या दुखण्यावर फिजिओथेरपी : मदत हवी आहे

मैत्रिणींनो, नाशिक किंवा पुण्यात पेल्व्हिक फ्लोअरचे (म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) उपचार करणारी महिला फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहे का? माझ्या धाकट्या जावेचं ओटीपोट वर्षभरापासून दुखतंय. सोनोग्राफी, लघवीची तपासणी, सगळं नॉर्मल. जास्त वेळ बसलं की माकडहाडापाशी ओढ लागते, संबंधांच्या वेळी तर सहनच होत नाही. आता नवीन स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले आहेत. म्हणून कीगल व्यायाम (हेच स्नायू पुन्हा पुन्हा आवळायचे) बंद, त्याने असं दुखणं वाढू शकतं. (आम्ही सगळ्या तिला तेच सुचवत होतो!) आधी स्नायू सैल सोडायला शिकायचं: पोटातून खोल श्वास, मांड्या-कंबरेचं स्ट्रेचिंग आणि तिची तयारी असेल तरच, हातमोजा घालून योनीमार्गातून दुखऱ्या जागा हलक्या दाबून मोकळ्या करणं.

या शेवटच्या उपचाराची तिला फार धास्ती वाटते. ज्यांनी घेतलाय त्या सांगाल का, कितपत दुखतं? मधेच नको म्हटलं तर लगेच थांबतात ना? फरक जाणवायला साधारण किती आठवडे गेले? श्वासाचे व्यायाम व्हिडिओ कॉलवर नीट जमतात का? इथे लिहायला संकोच वाटत असेल तर मला वेगळा मेसेज करा, प्लीज.