आरपीजीतल्या घसरड्या बर्फाच्या फरशा: कोडं की वेळकाढूपणा?

चिडका_बिब्बा

शाळेत असताना सायबर कॅफेत बसून अर्धवट सोडलेला पोकेमॉन गोल्ड (१९९९ चा आरपीजी, म्हणजे आपल्या पात्रांची ताकद वाढवत नेत खेळायचा व्हिडिओ गेम) परवा जुन्या फोनवर एमुलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) टाकून पुन्हा सुरू केला. सात बॅज (गावोगावच्या जिमच्या, म्हणजे आखाड्याच्या, लीडरला हरवल्याचे बिल्ले) झाले, टीम झकास जमली, आणि आठव्या बॅजसाठी ब्लॅकथॉर्न गावाला निघालो तर वाटेत आईस पाथ ही बर्फाळ गुहा. तेव्हाही इथेच सोडला होता, हे तिथे पोचल्यावर आठवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बर्फाच्या फरशीवर पाऊल टाकलं की आपलं पात्र सरळ घसरत जातं. भिंत, खडक नाहीतर साधी जमीन लागेपर्यंत थांबत नाही, मध्येच वळताही येत नाही. पलीकडच्या दारापर्यंत पोचायचं, की झालं. याला लोक कोडं म्हणतात. माझ्या मते हे कोडं नाहीच. चार दिशा आहेत, एक दाबा, कुठे आपटतो बघा, दुसरी दाबा. आंधळ्या माणसाने भिंत चाचपत जावं तसं. पाचेक मिनिटांत आपोआप सुटतं आणि सुटल्यावर "अच्छा, असं होतं तर!" असं काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच की संपलं एकदाचं.

दुसरं म्हणजे आरपीजी कशासाठी खेळतो आपण? टीम वाढवायला, लेव्हल वाढवायला. माझ्या टायफ्लोजनच्या (आगीचा पोकेमॉन) मानेतून ज्वाळा निघतात हो! तो पन्नास फूट बर्फ वितळवू शकत नाही? आणि मी, सात जिम लीडरना धूळ चारलेला, एका धोंड्यापाशी पोचायला कोपऱ्या-कोपऱ्यात डोकं आपटत फिरतोय. त्यात दर चार पावलांनी झुबॅट, म्हणजे लढायला आडवा येणारा वटवाघळी जंगली पोकेमॉन.

ही फरशी आरपीजीतून कायमची हद्दपार व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

रिकामटेकडा

+१. घसरायला आमच्या कोकणात बर्फ लागत नाही, जुलैतल्या चिऱ्याच्या पायऱ्या पुरतात. कोडं वगैरे कोणी म्हणत नाही त्याला, सरळ हळद लावतात.

कोपऱ्यातला_खडक

असहमत, आणि जोरात असहमत.

आधी तुमच्या झुबॅटचं बघू. गोल्ड-सिल्व्हरमध्ये बर्फाच्या चौकटीवर जंगली पोकेमॉन येतच नाहीत. येतात ते गुहेतल्या साध्या जमिनीवर. बनवणाऱ्यांना माहीत होतं की इथे माणूस विचार करत असणार, तेव्हा त्याला छळू नये. तुम्हाला दर चार पावलांनी झुबॅट भेटले ते तुम्ही बर्फ सोडून जमिनीवर येरझाऱ्या घालत होतात म्हणून.

आता मुद्द्याचं. आरपीजीत चालणं ही सगळ्यात बिनडोक क्रिया असते. बटण दाबून धरायचं आणि गावातून गावात जायचं. अंगठा चालतो, डोकं झोपलेलं. बर्फावर पहिल्यांदा प्रत्येक पाऊल हा निर्णय होतो. नकाशा तोच, बटणं तीच, फक्त एक नियम बदलला आणि "मी कुठे आहे" यापेक्षा "मी कुठे थांबू शकतो" हा प्रश्न मोठा झाला. एवढ्या कमी सामानात एवढा फरक पाडणारी दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही. नवं शस्त्र नाही, नवा मेनू नाही, कोणी म्हातारा येऊन तीन पानं समजावून सांगत नाही. पहिल्यांदा घसरलात की नियम कळला.

आणि दिशा दाबत बसून सुटतं म्हणता, तर आईस पाथच्या खालच्या मजल्यांवर ते चालत नाही. वरच्या मजल्यावरचे धोंडे स्ट्रेंथ (पोकेमॉनला शिकवायची धोंडे ढकलण्याची चाल) वापरून भोकांत ढकलायचे, ते खालच्या मजल्यावर पडतात आणि तिथल्या बर्फावर थांबायच्या जागा तयार होतात. म्हणजे थांबे आयते मिळत नाहीत, तुम्हीच ते तयार करता. तुमच्या टायफ्लोजनला काम नाही म्हणून रडताय, पण स्ट्रेंथ टीममधलाच कोणीतरी वापरतो ना?

चिडका_बिब्बा

झुबॅटबद्दल: पडताळून बघितलं. दहा मिनिटं नुसता बर्फावर घसरत राहिलो, एकही आला नाही. जमिनीवर आलो, तिसऱ्या पावलाला स्वायनब. माघार घेतो.

बाकी काही मागे घेत नाही. स्ट्रेंथ वापरायला टीममधली एक जागा अडवणारा पोकेमॉन लागतो, जो लढाईत मिळमिळीत असतो. ही सोय झाली की शिक्षा?

टोरांटोकर

अवांतर. इथे जानेवारीत घरासमोरच्या पायवाटेवर मी रोज हा खेळ खेळतो. मीठ टाकलं नाही तर पेंग्विनसारखं चालायचं, पाय सपाट टाकून, छोटी पावलं. भिंतीला आपटून थांबायची पद्धत मीही एकदा वापरली. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. ऑफिसात विचारलं तर सांगायचो, जिममध्ये लागलं. खोटंही नाही म्हणा, गोल्डमधल्या महोगनी गावच्या जिममध्ये आख्खी फरशी बर्फाचीच आहे.

समीकरण

दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण दोघं वेगवेगळ्या कोड्यांबद्दल बोलताय.

साध्या घसरगुंडीचं घ्या, म्हणजे खडक जागचे हलत नाहीत अशी. रिकाम्या चौकोनी खोलीत कोपऱ्यातून निघालात तर आयुष्यभर चारच कोपऱ्यांत फिराल. मधे एक खडक ठेवला की त्याला लागून जास्तीत जास्त चार नवे थांबे मिळतात. त्यामुळे खोली दिसायला कितीही मोठी असली तरी खरे थांबे मोजके असतात, आणि प्रत्येक थांब्यावरून जास्तीत जास्त चार वाटा. कागदावर थांब्यांना ठिपके आणि घसरण्याला बाण काढले तर कोडं उरत नाही, नकाशा होतो. म्हणून चिडका_बिब्बा म्हणतात तसं आंधळेपणाने सुटतं ते खरं. एकच गंमत: बाण एकेरी असतात. डावीकडे घसरून आलात म्हणजे उजवीकडे घसरून तिथेच परत जाल असं नाही. यातच माणूस फसतो. उपाय म्हणजे उलटं बघायचं: दारासमोर थांबायचं तर कुठून यावं लागेल, तिथे यायचं तर कुठून. तीन-चार पावलं मागे गेलात की सुरुवात सापडते.

पण पोकेमॉन रूबी-सफायर (२००२) मधलं सूटोपोलिस जिम आठवा. तिथे घसरायचं नाही. बर्फाच्या चौकटीवर पाय ठेवला की तडा जातो, त्याच चौकटीवर दुसऱ्यांदा आलात की फुटून खाली. प्रत्येक चौकटीवर एकदाच पाय ठेवून सगळ्या संपवल्या की जिना उघडतो. गणितात याला हॅमिल्टोनियन मार्ग म्हणतात. असा मार्ग चौकटींच्या कुठल्याही जाळीत आहे की नाही हे ठरवणं एनपी-कंप्लीट आहे, हे इताई, पापादिमित्रिऊ आणि श्वार्त्सफिटर यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं. सोप्या भाषेत, जाळी वाढली की झटपट सोडवायची कुठलीही सरसकट रीत आजवर माहीत नाही. जिममधल्या जाळ्या लहान आहेत म्हणून आपण वाचतो.

एक क्लृप्ती देतो. चौकटी बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या रंगवा. प्रत्येक पावलाला रंग बदलतो. म्हणून काळ्या आणि पांढऱ्या चौकटींच्या संख्येत एकाहून जास्त फरक असेल तर मार्ग नाहीच. फरक नेमका एकाचा असेल तर ज्या रंगाच्या जास्त, त्याच रंगावर सुरुवात आणि त्याच रंगावर शेवट. निम्म्या चुकीच्या वाटा इथेच कटतात.

रिकामटेकडा

समीकरणराव, दंडवत. मी आजवर जिममध्ये पडायचो आणि खालच्या ट्रेनरांशी मारामारी करून पुन्हा वर यायचो. मला वाटायचं तसंच खेळायचं असतं.

कोपऱ्यातला_खडक

@समीकरण, "कोडं उरत नाही, नकाशा होतो" हे वाक्य मला पटलं नाही. कुठलंही कोडं सुटल्यावर नकाशाच होतं. मजा ठिपके आणि बाण डोक्यात काढण्यात आहे, आणि ते पडद्यावर अर्धंच दिसत असताना. गेमबॉयच्या इवल्याशा पडद्यावर खोलीचा पलीकडचा कोपरा दिसतच नव्हता! एकदा वाया घसरून बघितल्याशिवाय कळायचं नाही. मग ती आंधळी चाचपणी नाही, टेहळणी आहे.

चिडका_बिब्बा

पडदा लहान होता हे समर्थन झालं? उद्या म्हणाल बॅटरी संपायची म्हणून मजा यायची.

आईसाहेब_ऑनलाइन

मी खेळत नाही, लेक खेळते. वय नऊ. हा धागा वाचून तिला विचारलं. तिचं म्हणणं, बर्फाची खोली सोपी असते, कारण "तिथे कोणी मरत नाही." मला हे फार आवडलं. लढाईत हरली की ती रुसते, फोन उशीखाली टाकते. बर्फावर वीस वेळा चुकली तरी हूं नाही की चूं नाही. चुकीची किंमत फक्त थोडं पुन्हा चालणं. चौकटीची वही घेऊन बसते, खडकाला फुली, थांब्याला गोल.

माझी तक्रार वेगळी आहे. मला रंग नीट ओळखता येत नाहीत, आणि कित्येक खेळांत बर्फ नि साधी फरशी यांच्यात फक्त फिकट निळा आणि फिकट राखाडी एवढाच फरक असतो. ती दाखवते, "आई, इथून घसरतं", मला दोन्ही सारखंच दिसतं. फरशीवर नुसत्या दोन तिरक्या रेघा काढल्या असत्या तरी चाललं असतं.

टोरांटोकर

@आईसाहेब_ऑनलाइन, खऱ्या बर्फातही तोच घोळ आहे. डांबरी रस्त्यावरचा पातळ बर्फ काळाच दिसतो. तिरक्या रेघा इथल्या नगरपालिकेलाही सुचवतो.

गावठी_जादूगार

यात पोकेमॉन सोडून कोणी बोलणारच नाही का? ड्रॅगन क्वेस्ट ५ (१९९२) मध्ये नायक लहान पोरगा असताना परीराज्यात जातो, वसंत ऋतू आणणारी बासरी बर्फाच्या राणीने पळवायला लावलेली असते. तिच्या महालात जमीन घसरडी. तिथे ती फरशी गोष्टीचा भाग वाटते. हिवाळा हटत नाहीये आणि तुम्हाला धड उभंही राहता येत नाहीये. चिडका_बिब्बांचा राग मला कळतो, पण तो फरशीवर नाही, उगाच टाकलेल्या फरशीवर असायला हवा. दोन गावांच्या मधे बोगदा आहे, तिथे गारठा आहे, मग टाका बर्फ. असं केलं की कंटाळा येणारच.

आणि अंडरटेल (२०१५) ने तर या सगळ्या जातीचीच टर उडवली. स्नोडिनच्या जंगलात पपायरस नावाचा सांगाडा रंगीत फरशांच्या कोड्याचे नियम सांगतो: कुठला रंग विजेचा, कुठल्यावर राक्षस, कुठल्यावर घसरायला होतं. आपण घाम पुसत लक्षात ठेवतो. मग यंत्र सुरू होतं आणि समोर येते एक सरळसोट सुरक्षित पट्टी. चालत जायचं, बस्स. मी दोन मिनिटं हसत होतो.

चिडका_बिब्बा

@गावठी_जादूगार, हे मान्य. बर्फाच्या राणीच्या घरात बर्फ असणं ठीक. सूटोपोलिसही मान्य करून टाकतो, तिथे प्रत्येक पाऊल मोजून टाकावं लागतं आणि पडलो तर चूक माझीच. आईस पाथ मात्र नाही म्हणजे नाही.

आणि एक बघा. डायमंड-पर्ल (२००६) च्या स्नोपॉइंट जिममध्ये उतारावरून घसरत येऊन बर्फाचे गोळे फोडायला लावले, कारण नुसतं घसरणं पुरेना. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये तर बर्फाच्या जिमची परीक्षा म्हणजे स्वारीच्या पोकेमॉनवर बसून उतारावरून दीड मिनिटात खाली पोचायचं. कोडं गायबच! बनवणाऱ्यांनाच कळलं की लोक वैतागतात. मी हद्दपार करा म्हटलं, त्यांनी आधीच केलंय.

कोपऱ्यातला_खडक

आणि ती दीड मिनिटाची उतरण तुम्हाला आठवतेय का? मी खेळले, पहिल्याच प्रयत्नात पोचले, दुसऱ्या दिवशी विसरले. आईस पाथ तुम्ही शाळेत सोडलात आणि आज त्याच्यावर धागा काढलात.

रिकामटेकडा

हा बसला.

चिडका_बिब्बा

दाढदुखीही आठवते मला, म्हणून काय ती चांगली होती?

बरं, भांडण बाजूला. धोंडे ढकलतोय. तीन खाली पाडलेत, चौथा चुकून भिंतीला चिकटवून बसलोय, आता मागून ढकलायला जागाच नाही. संपलं का सगळं? जुना सेव्ह नाहीये.

समीकरण

काही संपलं नाही. जिन्याने त्या मजल्याबाहेर जा आणि परत या, धोंडा मूळ जागी येतो. पाडलेले तीन खालीच राहतील.

चिडका_बिब्बा

झालं! चारही पडले. खाली उतरलो, दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा सरळ पलीकडे. कोपऱ्यातला_खडक, थोडं बरं वाटलं, पण हे वाक्य कुठे उद्धृत करू नका. ब्लॅकथॉर्नला पोचलो, सेव्ह केलं, आता तिथल्या जिम लीडर क्लेअरकडे.

कोपऱ्यातला_खडक

अभिनंदन! पहिल्या मजल्यावर बर्फाच्या खोलीत जो वॉटरफॉल (पोकेमॉनला शिकवायची धबधबा चढण्याची चाल) होता तो उचललात ना? दाराच्या वाटेवर नाही तो, मुद्दाम वेगळं घसरत जावं लागतं. शेवटच्या लढतींसाठी पोकेमॉन लीगला जाताना तोहजो फॉल्स हा धबधबा चढायला लागतो, त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चिडका_बिब्बा

कुठला वॉटरफॉल?