पियानोशेजारी कोतो: जुळवून घ्यायचं कुणी?

षड्जपंचम

माझा भाचा ओसाकाला संगीतरचना शिकतोय. वय २१. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच्या तीन रचना आणि एका जुन्या जपानी धुनेची नवी मांडणी ऐकायला पाठवली. वाद्यं व्हायोलिन, चेलो, पियानो, आणि सोबत कोतो (तेरा तारांचं आडवं जपानी वाद्य) व शाकुहाची (बांबूची जपानी बासरी). मी पंचवीस वर्षं व्हायोलिन वाजवते, त्यामुळे मोठ्या कौतुकाने हेडफोन लावून बसले. मुलाच्या हातात कसब आहे, त्याबद्दल वादच नाही.

पण एका जागी मी अडले. तेवढाच तुकडा दहा वेळा ऐकला असेन. कोतो वाजवणारी मुलगी डाव्या हाताने घोडीपलीकडची (तार उचलून धरणाऱ्या ठोकळ्यापलीकडची) तार दाबून सूर वर चढवते. आपल्या मिंडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची, सख्खी बहीणच. नेमका त्याच क्षणी पियानो तो वरचा सूर वाजवून मोकळा होतो. तार अजून वाटेत आहे आणि पियानो मुक्कामाला पोचलासुद्धा! ज्या अर्ध्या मात्रेसाठी कोतो घ्यायचा, तीच झाकली गेली.

माझं म्हणणं असं की या मिश्रणात दरवेळी पडतं घ्यावं लागतं ते जपानी वाद्याला. पियानोचे सूर हलत नाहीत, म्हणून कोतोच्या तेराही घोड्या पियानोच्या हिशेबाने सरकवायच्या. शाकुहाचीतली फुंकरीची खरखर रेकॉर्डिंगमध्ये नको, म्हणून ती गाळायची. वाद्य आत येतं, त्याचा स्वभाव दाराबाहेर राहतो.

‘हारु नो उमि’, म्हणजे ‘वसंतातला समुद्र’, पुष्कळांनी ऐकलं असेल. जपानी कोतोवादक-रचनाकार मियागी मिचिओ यांची १९२९ची रचना, मूळ कोतो आणि शाकुहाचीसाठी. जपानात नववर्षाच्या दिवसांत दुकानांतूनही वाजत असते. ती आधी शाकुहाचीवर ऐका, मग व्हायोलिनवर. मी व्हायोलिनवाली असून सांगते, व्हायोलिनवर ती गोड होते आणि त्यातला वारा जातो. तुम्हाला काय वाटतं?

नागोयाकर

ताई, साफ असहमत. आणि उदाहरण तर तुमच्या विरुद्धच जाणारं निवडलंत.

‘हारु नो उमि’चं व्हायोलिन कुणी मागाहून लादलेलं नाही. १९३२ साली रने शमे या फ्रेंच व्हायोलिनवादक जपानच्या दौऱ्यावर आल्या होत्या. ही रचना ऐकून त्यांनी शाकुहाचीचा भाग व्हायोलिनसाठी उतरवून घेतला आणि त्यांच्यासोबत कोतोवर खुद्द मियागी बसले. त्याची रेकॉर्ड निघाली, ती जपानबाहेरही पोचली आणि मियागींचं नाव जगात झालं ते तिच्यामुळे. ज्याची रचना त्याला हा संसार मान्य होता.

शिवाय हा माणूस कोण होता ते बघा. सातव्या-आठव्या वर्षी दृष्टी गेली. चौदाव्या वर्षी, १९०९मध्ये, कोरियातल्या इंचॉनमध्ये शिकवण्या करून घर चालवत असताना पहिली रचना केली. धाकटा भाऊ शाळेच्या पुस्तकातली कविता मोठ्याने वाचत होता. पाण्याची रूपं कशी बदलतात, धुकं, ढग, पाऊस, गारा, दव. ती कानावर पडली आणि ‘मिझु नो हेनताई’ झालं. म्हणजे तुमच्या भाच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. पुढे पाश्चात्त्य संगीत ऐकून त्यांना जाणवलं की कोतोच्या मेळात खर्ज कमी पडतो. मग १९२१मध्ये त्यांनी सतरा तारांचा मोठा कोतो बनवून घेतला. आज इथे कोतोचा मोठा मेळ बसला की तो सतरा तारांचा असतोच, आणि त्याला कुणी परका म्हणत नाही.

मी सहा वर्षं कोतो शिकतोय. आमच्या सेन्सेईंच्या, म्हणजे गुरूंच्या, कोतोला रेशमी तारा नाहीत, टेटोरॉनच्या (कृत्रिम धाग्याच्या) आहेत. रेशमी तार महाग आणि लवकर तुटते. सेन्सेई पंचाहत्तरीच्या आहेत आणि घरी गेलं की दर वेळी नवीन काहीतरी बसवत असतात. वाद्याचा स्वभाव एकदाच ठरून बसतो, हे त्यांच्या खोलीत बसून मला कधी पटलं नाही.

मिरजेची_तार

नागोयाकर, मियागींनी सतरा तारांसोबत ८० तारांचा कोतोही बनवला होता, तोही १९२९मध्येच. तो रुजला नाही. तेव्हा बदल केला म्हणजे वाद्य पुढे गेलंच, असं नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे होतात, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. जवारी लावताना घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासावा लागतो की डोळ्यांना फरक दिसतच नाही, कानाला कळतो. मग तारेखाली दोरा सरकवत जायचं. एका जागी तार ‘उघडते’ आणि सूर गुंजायला लागतो. कागदाच्या जाडीइतका दोरा पुढे गेला की पुन्हा मुकी. जपानी बिवाला (पडदे असलेलं तंतुवाद्य) हेच आहे. पडद्यांचा माथा रुंद असतो, तार त्यावर थरथरत घासते आणि सुरासोबत झणझण निघते. तिला ते ‘सावारी’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वडिलांना जाऊन सांगितलं होतं.

पाश्चात्त्य वाद्यं घडवणाऱ्यांनी शेकडो वर्षं हीच झणझण काढून टाकण्यात घालवली. त्यांच्या लेखी तो दोष. मग दोघं शेजारी बसल्यावर काय करायचं? तरुण रचनाकारांनी जपानी रचनाकार ताकेमित्सु तोरु यांचं ‘नोव्हेंबर स्टेप्स’ वहीसारखं उघडून बसावं. ९ नोव्हेंबर १९६७ला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ते पहिल्यांदा वाजवलं, संचालन ओझावा सेइजी यांचं. बिवावर त्सुरुता किन्शी, शाकुहाचीवर योकोयामा कात्सुया. ताकेमित्सुंनी दोन्हीकडचं कालवून एक केलं नाही. शेवटाकडे असा मोठा भाग आहे की सगळा वाद्यवृंद गप्प आणि हे दोघंच. बिवाचा आघात, मग नुसती शांतता, मग शाकुहाचीची फुंकर. आणि हे करणारा माणूस तरुणपणी जपानी संगीतापासून लांब पळायचा, कारण त्याने त्याला युद्ध आठवायचं.

ताई, तुमची तक्रार खरी आहे, पण निदान चुकलंय. खोट वाद्यं एकत्र आणण्यात नाही. दोघांना एकाच वेळी एकच सूर वाजवायला लावला, तिथे आहे.

अनुजा_क

मला हा वाद ऐकून पेटी आठवली. सुरांच्या पट्ट्या पक्क्या, मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. त्याच काळात नाट्यसंगीत पेटी आणि ऑर्गनवरच उभं होतं. आक्षेप सगळे खरे होते. तरी ऐकणाऱ्याने पेटी सोडली नाही. षड्जपंचमताईंचं दुखणं मला त्या जुन्या आक्षेपांसारखं वाटतं. बरोबर आहे, पण ऐकणारे त्यावर थांबत नाहीत.

लालबागचा_बेंजो

मी मोठ्या चर्चेतला माणूस नाही, पण एक सांगावंसं वाटतं. गणपतीत आमच्या पथकात मी जो बेंजो वाजवतो तो अमेरिकेतला बँजो नाही. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हाताने तारांवर आघात. याचा मूळ पुरुष जपानचा तैशोगोतो. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२च्या सुमारास काढला. तारा जपानी वळणाच्या आणि बटणांची कल्पना पाश्चात्त्य टाइपरायटरची. आपल्याकडे येऊन त्याचा बुलबुलतरंग झाला, मग पिकअप बसला आणि मिरवणुकीत आला.

बटणावर मींड निघत नाही हे खरं. मग आम्ही काय करतो, बटण सोडता सोडता पुढचं दाबतो आणि आघात किंचित उशिरा देतो. माझ्या उस्तादांनी हे मला चाळीच्या गॅलरीत बसून महिनाभर शिकवलं, बोटं सोलून निघाली. विसर्जनाला त्याच जागेवर लोकांचे हात वर जातात. जपानमध्ये कुणाला तरी सुचलेलं मिश्रण आहे, पण त्यावर माझं पोट भरतं आणि जीवही. त्यामुळे वाद्याचा स्वभाव गेला असं कुणी म्हटलं की मला लागतं.

षड्जपंचम

लालबागकर, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. तुमची उशिरा आघात द्यायची गोष्ट वाचून मी व्हायोलिन काढून करून पाहिलं.

नागोयाकर, शमे यांच्यासोबत मियागी स्वतः वाजवायला बसले होते हे मला माहीत नव्हतं. ते मान्य. पण रचनाकाराला चाललं म्हणून माझ्या कानाला चालावं असं नाही. शाकुहाचीवाले सूर हलवतात तो मान हलवून. त्यांच्यात म्हण आहे, मान हलवायला तीन वर्षं आणि ‘कोरो’ला (बोटांनी काढायच्या एका घोळदार सुराला) आठ. मी तोच सूर बोटाने हलवते, आणि ते मला पहिल्या वर्षी शिकवलं गेलं. दोन्ही थरथरी सारख्या ऐकू येत नाहीत. माझं बोट सुराभोवती फिरतं, त्यांची मान सुराला श्वासासकट खाली ओढून परत आणते. या मतावर मी ठाम आहे.

अनुजा, पेटीचा दाखला मला अर्धाच पटतो. पेटी गायकाच्या मागे चालते. गळा मींड घेतो तेव्हा चांगला पेटीवाला हात आखडता घेतो. माझ्या भाच्याच्या पियानोने नेमकं तेच केलं नाही.

नागोयाकर

हे आधी लिहिलं असतंत तर मी वाद घातलाच नसता. पियानोने हात आखडता घ्यावा, एवढंच ना? तुमच्या भाच्याला सांगा, तार दाबून चढवण्याच्या जागेवर पियानोचा सूर पुढच्या मात्रेवर ढकलून बघ, किंवा तिथे पियानोला चढण्याआधीचा सूर देऊन ठेव. आणि लिहिण्याआधी कोतोवादकाशेजारी बसून त्या दाबाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोज. आमच्या सेन्सेईंकडे एक संगीतकार मुलगा असाच दोन दिवस बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने चार पानं फाडली.

मिरजेची_तार

आणि फुंकरीची खरखर गाळू नको म्हणावं. माइक लांब ठेव, पण ती राहू दे.

षड्जपंचम

दोन्ही निरोप आत्ताच पाठवले. त्याचं उत्तर आलं: “मावशी, तो तुकडा मलाही खटकत होता, पण पियानोवाला मित्र आहे.” आता रविवारी तो कोतोवाल्या मुलीकडे स्टॉपवॉच घेऊन जाणार आहे.