मदत हवी आहे: बोन्साय ग्रुपचे ९ हजार फोटो एकत्र कुठे आणि कसे ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

आमचा बोन्सायवाल्यांचा ग्रुप आहे, सत्तरेक जण, आणि आठ वर्षांत साधारण ९ हजार फोटो साठलेत. साठलेत म्हणजे काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही माझ्या ड्राइव्हवर आणि काही एका पेनड्राइव्हवर, जो सध्या कोणाकडे आहे यावर वाद चालू आहे.

बोन्सायमध्ये सुटा फोटो फारसा कामाचा नसतो हो. त्याच झाडाचा वायरिंगच्या (फांद्यांना तार गुंडाळून वळण देण्याच्या) आधीचा, रिपॉटिंगनंतरचा (कुंडी-माती बदलल्यावरचा), मग तीन वर्षांनी खोड जाड झाल्यावरचा, असे ओळीने बघितले तरच कळतं की ती फांदी उगाच छाटली. त्यामुळे मला एका झाडाचा एक अल्बम आणि आत तारखेप्रमाणे फोटो, एवढंच हवंय.

आधी एका सभासदाने स्वतःच्या नावावर होस्टिंग घेऊन गॅलरी केली होती, छान चालली, मग त्याचं कार्ड एक्स्पायर झालं, रिन्यूअलच्या मेल कुठल्यातरी जुन्या आयडीवर जात राहिल्या आणि एक दिवस सगळं गायब. बॅकअप? विचारू नका.

गूगल फोटोजचा शेअर्ड अल्बम बघितला, पण जून २०२१ पासून फोटो त्या १५ जीबीतच मोजतात, त्यातच जीमेल आणि ड्राइव्ह, आणि आमचा पसारा अंदाजे ३६ जीबी. शिवाय तिथे कोणी अल्बम सोडला की त्याने टाकलेले फोटोही जातात, आणि आमच्याकडे रुसून ग्रुप सोडणं हा पण एक छंदच आहे. फ्लिकरच्या फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा.

सभासदांना मोबाईलवरून अपलोड करता यावं, पण मी बघितल्याशिवाय दिसू नये. आणि फोटोतून लोकेशन जाऊ नये, कारण जुनी झाडं चोरीला जातात. मी एकदा वर्डप्रेस बसवलंय, माझी झेप तेवढीच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत_माळी:
पिविगो बघा, आपल्या होस्टिंगवर बसवायचं फोटो गॅलरीचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएल असलं की चालतं, म्हणजे वर्डप्रेस बसवलंत तर हेही जमेल. त्यात कम्युनिटी नावाचं प्लगइन टाका, सभासदांचे फोटो आधी तुमच्याकडे मंजुरीला येतात. मात्र एक सांगतो, ते प्रत्येक फोटोच्या आठ-नऊ मापांच्या प्रती बनवत जातं, त्यामुळे स्वस्तातल्या होस्टिंगला जीबी शिल्लक असतात आणि फाइलींच्या संख्येची मर्यादा आधी संपते. घेण्याआधी आयनोड (म्हणजे किती फाइली ठेवता येतील तो आकडा) किती देता ते विचारा आणि न लागणारी मापं बंद करा. फोटो २०४८ पिक्सेलला आणलेत तर ३६ जीबीचे सात-आठ होतील. ओरिजिनल मात्र घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक नाही, दोन.

खटपट्या:
इमिच का नाही? तेही फोटो ठेवायचं सॉफ्टवेअर, दिसायला एकदम गूगल फोटोजसारखं.

निवांत_माळी:
घरच्यांसाठी झकास आहे, पण त्याला डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय) आणि भरपूर रॅम लागते, साध्या शेअर्ड होस्टिंगवर चढणार नाही. शिवाय मंजुरीचं काय?

एक्झिफवाली:
सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, तुमचं खरं दुखणं तारखा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली एक्झिफ माहिती (फोटोच्या फाइलीतच लिहिलेली तारीख, लोकेशन वगैरे) उडालेली असते, त्यामुळे २०१८ चं झाड आजच्या रांगेत येऊन बसेल. अँड्रॉइडवर फाइलचं नाव आयएमजी, मग २०१८०७१४ असा आकडा, असं असतं. एक्झिफटूल नावाचा प्रोग्रॅम त्या नावातून तारीख उचलून फोटोत भरतो, हजारो फाइली एका कमांडमध्ये. अर्थात ती तारीख पाठवल्याची, काढल्याची नाही, पण झाडाच्या हिशोबात चार दिवस इकडेतिकडे चालतंय. जुनेच फोटो कोणी परत फॉरवर्ड केले असतील तर मात्र हाताने बघावं लागेल.

यापुढे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तारीख टिकते. पण मग लोकेशनही टिकतं! म्हणून सगळ्यांना कॅमेऱ्यातलं लोकेशन टॅग बंद करायला लावा, जुन्यातलं एक्झिफटूलनेच काढा. आणि आयफोनवाल्यांचे फोटो ज्या एचईआयसी प्रकारात असतात तो बऱ्याच ब्राउझरमध्ये उघडत नाही, जेपीईजी करून घ्या.

धागाकर्ता:
वा, हे डॉक्युमेंटचं माहीतच नव्हतं! काल रात्री २०० फोटोंवर पिविगो करून बघितलं, एका फायकसचे सहा वर्षांचे फोटो ओळीने लागले आणि मी अर्धा तास तेच बघत बसलो. डोमेन यावेळी तिघांना लॉगिन देऊन, ग्रुपच्या मेल आयडीवर घेतोय.

आता सहाशेक फोटो असे उरलेत की नावातही तारीख नाही, नुसते स्क्रीनशॉट. त्यांचं काय?

एक्झिफवाली:
पिविगोच्या बॅच मॅनेजरमध्ये एकदम निवडून तारीख भरता येते. पण वर्ष कुठलं ते झाडाच्या मालकालाच विचारा. कुंडी बघून ओळखतात बरोब्बर.

धागाकर्ता:
त्यातले दोघं सध्या रुसलेत. बघतो.